ताणावरची बाग आणि माझा टँकर

जन्म जालन्याचा, शाळा जालन्याची, नोकरीही जालन्यातल्याच एका कचेरीत. आणि तरी मोसंबीबद्दल मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. एक, तिचा रस काढून त्यात काळं मीठ टाकतात. दोन, दवाखान्यात कुणाला भेटायला जाताना ती जाळीच्या पिशवीतून न्यावी लागते. ती कुठून येते, कशी येते, तिला काय लागतं, याची चौकशी आमच्या मस्तगडातल्या घरात तीन पिढ्यांत कुणी केली नव्हती. आजोबा कारकून, वडील कारकून, मी कारकून. आमच्या मालकीची जमीन म्हणजे एका कुंडीत मावेल एवढी. तिच्यात तुळस होती आणि तिलाही पाणी घालायचं काम आईचं होतं.

माझा नाद वेगळा होता, पडक्या दगडांचा. रविवारी सकाळी डबा घ्यायचा, एस्टीत बसायचं, कुठंतरी यादवांच्या काळातलं देऊळ पडलंय असं कळलं की तिथं जाऊन वहीत मापं लिहायची आणि मग एका स्थानिक दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्यावर गळा काढायचा. माझा अभ्यास किती खोल होता ते एवढ्यावरून समजावं: भोकरदनकडच्या एका गावात पाराजवळच्या शिळेवर मला तीन ओळींचा शिलालेख सापडला. दोन रविवार खर्ची घालून मी त्यातली सात अक्षरं लावली. तिसऱ्या रविवारी एक म्हातारा आला, "जरा सरका" म्हणाला, आणि त्या शिलालेखावर विळा घासायला बसला. त्याचा बापही तिथंच घासायचा म्हणे. सातांतलं पहिलं अक्षर मी 'श्री' लावलं होतं.

तर नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. बायकोचे मावसभाऊ अंबडच्या पुढं एका लहानशा बाजारगावात राहायचे. गावाच्या चारी अंगांना मोसंबीच्या बागा आणि मावळतीला एक पडकं देऊळ. बायको त्यांना दादा म्हणायची म्हणून मीही दादाच म्हणायचो. ते मला दाजी म्हणायचे. आमच्याकडे बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात आणि दाजीने घरातला हंडा फोडला तरी "लागलं तं न्हाई ना" असं आधी विचारतात. ही सवलत नसती तर पुढचं सगळं मला लिहायला मिळालं नसतं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी एकटाच तिकडं गेलो. देऊळ पडलं होतं असं म्हणण्यापेक्षा ते गावभर राहायला गेलं होतं असं म्हणणं बरोबर. एक नक्षीदार खांब चावडीची पायरी झाला होता. एक सुरसुंदरी न्हाव्याच्या दुकानाबाहेर उभी होती आणि तिच्या वर केलेल्या हातावर ओले टॉवेल वाळत होते. दादांच्या गोठ्यात कीर्तिमुखाच्या दातांमधून दावं ओवून बैल बांधला होता. दादांची आई, म्हणजे आमच्या मावशी, परसात ज्या दगडावर मिरची कुटत होत्या त्याच्यावर मी बोट फिरवलं आणि म्हणालो, "मावशी, हा दगड आठशे वर्षांचा आहे."

मावशींनी मुसळ थांबवलं. "मंग बराबर," त्या म्हणाल्या. "म्हणून झिजत न्हाई."

देवळाच्या जागी आता उरलं होतं ते चार खांब आणि समोरची बारव. बारव म्हणजे चौकोनी दगडी विहीर, चारी बाजूंनी पायऱ्या उतरत जाणारी. तिला पाणी नव्हतं. तळाशी रुईची झाडं उगवली होती. मी पायऱ्या मोजल्या, वहीत लिहिल्या, आणि बारवेच्या कडेवरून खाली उताराकडं पाहिलं तेव्हा मला दादांची बाग दिसली.

मला गलबलून आलं. पानं पिवळी पडून होडीसारखी वळली होती. झाडांखाली गळालेल्या पानांचा खच. जमिनीला अशा भेगा की माझी वही आत गेली असती. आणि कहर म्हणजे बागेच्या कोपऱ्यात विहीर होती, तिच्यात स्वच्छ पाणी होतं, आणि मोटर बंद होती.

खाली बागेत उतरून मी दादांना हळूच विचारलं, "दादा, हे काय झालं?"

"बाग ताणावर हे," दादा म्हणाले.

आता मला ठाऊक आहे ते इथंच सांगून टाकतो. मोसंबीला फूल यावं म्हणून महिना-दीड महिना तिचं पाणी तोडतात. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, मरायच्या आधी वंश तरी राखावा, आणि पुन्हा पाणी मिळाल्याबरोबर ते फुलांनी लदबदून जातं. याला ताण देणं म्हणतात. मधेच पाणी मिळालं तर झाड निवांत होतं आणि नुसती पानं काढत बसतं. हे आमच्या जिल्ह्यातल्या कुठल्याही बागाईतदाराच्या घरातल्या मांजरालाही माहीत असतं.

मला नव्हतं. मला ताण माहीत होता तो पुरवणीतला. त्या काळात हा शब्द नुकताच शहरात फिरायला लागला होता. माझ्या लेखाच्या शेजारीच 'ताणतणाव आणि आपण' असं सदर यायचं. आमच्या साहेबांना ताण होता, आणि साहेबांना आहे म्हटल्यावर हळूहळू सगळ्या कचेरीला आला. तेव्हा मला शब्दाचा अर्थ विचारायची गरज वाटली नाही. फक्त तो माणसांना ओलांडून झाडांपर्यंत पोचला हे ऐकून मी हादरलो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"महिना होऊन गेला की."

"कुणाशी बोललात?"

"कुणाशी बोलायचं? इथं समद्यांच्याच बागेला हे. वढ्यापल्याडच्यांचं पाहा, त्यांनी तं आमच्यापेक्षा जास्त दिला."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दादांनी त्या हाताकडं पाहिलं, पण हात दाजींचा होता म्हणून तो तिथंच राहू दिला.

"पण हा ताण देतं कोण?"

दादा जरा थांबले. विचारणारा शुद्धीवर आहे का हे बघत असावेत. "आम्हीच देतो. दुसरं कोण देणार?"

केवढं वाक्य. मी वही काढली.

"आधी वडील देयाचे," दादा पुढं म्हणाले. "ते होते तवर आमच्या हातात काई न्हवतं. त्यांचा हात लई कडक. एका साली झाडं मरायला टेकल्ती. आता मी देतो, पण बेतानं."

बापाबद्दल मुलगा इतकं मोकळं बोलतो हे मी आमच्या घराण्यात पाहिलं नव्हतं. अक्षरं पुसट दिसायला लागली.

"आणि यातून सुटका?"

"संक्रांत झाली की आठ दिवसांनी सोडू. गेल्या साली मधीच अवकाळी पाऊस आला अन् ताण तुटला. फूल आलंच न्हाई. पुरं साल गेलं. औंदा तेवढं न्हाई झालं पाह्यजे, दाजी. औंदा बी गेलं तं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि वाळकं पान हातात चुरलं.

ते वाक्य त्यांनी पुरं केलं असतं तरी माझ्या कानात शिरलं नसतं. मी वहीत 'तुटला' या शब्दाखाली दोन रेघा मारत होतो. त्या दिवशी मी एकही प्रश्न चुकीचा विचारला नाही आणि दादांनी एकही उत्तर खोटं दिलं नाही.

पुढच्या रविवारी लेख आला: 'भग्न मंदिर, भग्न बाग'. आठशे वर्षांपूर्वी इथले देव उघडे पडले, आज झाडं उघडी पडली आहेत, अशी सुरुवात. मग विहिरीवर एक परिच्छेद: पाणी आहे, पण मोटरचं बटण दाबण्याची उमेद हरवली आहे. शेवटी दादांचं वाक्य, "ताण आम्हीच देतो," आणि त्याच्यापुढं तीन टिंबं. टिंबं माझी होती.

बायकोने लेख दोनदा वाचला. "दादा असं बोलला?"

"शब्दशः."

"वडिलांबद्दल?"

"मन मोकळं करायला कुणीतरी लागतं माणसाला," मी म्हणालो. ती माझ्याकडं बराच वेळ बघत राहिली. तिला माझा अभिमान वाटतोय असं मी धरून चाललो.

मंगळवारी कचेरीत एका सेवाभावी मंडळाचे अध्यक्ष आले. कापडाचं दुकान, पांढरा सफारी, अतिशय हळवा स्वभाव. या मंडळाला मदत करायची इतकी घाई असायची की त्यांनी एकदा मे महिन्यात ब्लँकेटं वाटली होती. अध्यक्षांनी माझा लेख घडी करून खिशात ठेवला होता. माझे दोन्ही हात धरून ते म्हणाले, "आम्ही पाणी नेतो. उमेदही नेतो. तुम्ही फक्त वाट दाखवा."

आयुष्यात माझ्या लिखाणाचा परिणाम म्हणून पहिल्यांदाच काहीतरी हलत होतं, आणि ते थेट दहा हजार लिटरचं होतं. मी बुधवारची रजा टाकली.

पुढं जीप, मागं टँकर, टँकरच्या पोटावर 'बागा जगवा' असा कापडी फलक. जीपमध्ये अध्यक्ष, मंडळाचे दोन सभासद, मी, आणि एकाच रोलमध्ये सगळं बसवायचं असं बजावलेला फोटोग्राफर. वाटेत अध्यक्षांनी माझ्याकडून दादांच्या वडिलांबद्दल आणखी ऐकून घेतलं. मला जेवढं माहीत होतं त्याहून थोडं जास्तच मी सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा दादा बागेच्या फाटकात उभे होते, दोन्ही हात दोन्ही खांबांना लावून. मराठवाड्यात, फुकटचं पाणी घेऊन आलेला टँकर, आणि त्याला आडवा होणारा माणूस. रस्त्याने जाणारा एक सायकलवाला आमच्याकडं बघता बघता बाभळीत गेला.

"दाजी, हे काय आणलंत?"

"पाणी," मी म्हणालो.

"कामून?"

या प्रश्नाचं उत्तर मला इतकं उघड वाटत होतं की मी नुसता बागेकडं हात केला. तेवढ्यात मावशी आल्या. संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणून त्यांनी आधी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि मग म्हणाल्या, "जावईबापू, रविवारपासून पाव्हणे येऊन राह्यले. पिंपळगाव रेणुकाईचे आमचे व्याही तं दोन एस्ट्या बदलून आल्ते. दारातच रडायला लागले. मी म्हणलं, अहो, कोण गेलं? ते म्हणले, बाग."

दादांनी मला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज फार खाली होता. "दाजी, तुम्ही जावई माणूस. त्यात संक्रांत. म्हणून मी गोड बोलून राह्यलो. ही गाडी जल्दी मागं घ्या."

"पण दादा, झाडं..."

"झाडांना पाणी मीच तोडलंय. फूल यावं म्हणून. त्यालाच ताण म्हणतेत. अजून पाच दिवस हेत. आज पाणी लागलं तं झाडं पाला काढतील, फूल न्हाई. गेल्या सालावानी. मंग मी काय करू, पाला विकू?"

मी उभा होतो तिथंच उभा राहिलो. वहीतली वाक्यं एकामागून एक आठवत होती आणि आठवेल ते उताणं पडत होतं. कडक हाताचा बाप. बंद मोटर. तीन टिंबं. तिळगूळ तोंडातच राहिला होता.

मग मी माझ्या आयुष्यातलं एक धाडसाचं काम केलं. अध्यक्षांकडं गेलो आणि म्हणालो, "साहेब, माझी चूक झाली. ताण म्हणजे तो ताण नाही."

"मग कोणता?"

"पाण्याचा ताण आहे."

"तेच तर," अध्यक्ष म्हणाले. "पाण्याचा ताण आहे, म्हणून पाणी आणलंय."

यात चूक कुठं आहे ते मला सापडेना. मी पुन्हा प्रयत्न केला. "त्यांना पाणी नको आहे."

"नको म्हणणारच. स्वाभिमानी माणूस आहे. तुम्हीच लिहिलंय, चौथ्या परिच्छेदात." त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि फोटोग्राफरला खूण केली. त्याने फाटकात हात पसरून उभ्या असलेल्या दादांचा फोटो घेतला. दादा जितक्या जोरात नाही म्हणत तितका अध्यक्षांचा ऊर भरून येई. मागून मंडळाच्या दोन सभासदांनी हळू टाळ्या वाजवल्या.

टँकरवाला एवढा वेळ चाकाला टेकून विडी ओढत होता. त्याने सगळं ऐकलं होतं आणि सगळं त्याला कळलंही होतं, कारण तो घनसावंगीकडचा, बागांच्याच मुलखातला. तो मला म्हणाला, "साब, यांच्या बागेत पाणी सोडणं बिलकुल बराबर न्हाई. मी सोडणार बी न्हाई. पण गाडी तं खाली करावी लागतेच. पाणी भरल्याली गाडी घेऊन मला त्या नाल्यातून वापस जाता येत न्हाई, चढावर ती मागं येती."

"मग थोडा वेळ थांबा."

"थांबतो की. पण कॉक गळून राह्यला."

तो खरंच गळत होता. टँकरच्या बुडाखालून करंगळीएवढी धार निघून, चाकाला वळसा घालून, उताराने, अगदी रमतगमत, पहिल्या ओळीतल्या झाडाकडं निघाली होती. दादांनी ती पाहिली. फाटक सोडून ते धावले, खोरं घेतलं, मातीचा बांध घातला. धार बांधाला डावीकडून वळसा घालू लागली. मी अंगातला स्वेटर काढून डावीकडं दाबला. मावशींनी रस्त्याच्या दिशेने एक हाक दिली, "अगं घागरी आणा गं," आणि पाच मिनिटांत अर्ध्या गावाच्या बायका रांगेत उभ्या राहिल्या. गावातले नळ तेव्हा चौथ्या दिवशी यायचे.

"मावशी, हे पाणी बागेसाठी आहे," अध्यक्ष कळवळून म्हणाले. "पिण्याच्या पाण्याची आमची योजना वेगळी आहे. ती एप्रिलमध्ये."

"शेठ, तवर आम्ही काय पिऊ? तिळगूळ?" मावशी म्हणाल्या आणि घागर कॉकखाली सरकवली.

घागरी, हंडे, बादल्या, एक दुधाचा कॅन. तरी टँकर जेमतेम निम्मा झाला आणि अध्यक्षांचा चेहरा पूर्ण पडला. बागेला पाणी दिल्याचा फोटो घेतल्याशिवाय ते हलणार नव्हते, आणि ते हलल्याशिवाय दादा फाटकातून हलणार नव्हते. पेच सोडवला तो पुन्हा मावशींनीच. "बागेला द्यायचंय ना? बाग देवाची हे. मंग देवाच्या बारवीत ओता."

अध्यक्षांना ते फार आवडलं. त्यांनी त्याला तिथल्या तिथं 'जलार्पण' असं नाव दिलं. टँकर वरच्या अंगाने बारवेपाशी नेला. नारळ फुटला. दादांना हार घालून पहिल्या पायरीवर उभं केलं. त्या फोटोत त्यांचा चेहरा असा आहे की हार नक्की कशासाठी घातलाय अशी शंका यावी. मग नळी सोडली आणि किती वर्षांनी कोण जाणे बारवेत पाणी पडलं. बायकांनी हळदीकुंकू वाहिलं. मी सवयीने वही काढून पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं ते लिहिलं. आणि लिहीत असतानाच ते एकेक पायरी खाली जायला लागलं. अर्ध्या तासात तळाची रुई पुन्हा उघडी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मंडळाची जीप गेली, टँकर गेला.

टाळ्या न वाजवलेले एकटे दादा कडेवर उभे राहून खाली बघत होते.

"दाजी, ते पाणी कुठं गेलं?"

"जिरलं," मी म्हणालो.

"ते मला बी दिसलं. कोणत्या अंगानं जिरलं?"

बारवेच्या खालच्या भिंतीला लागून बागेची वरची चार झाडं होती. आठशे वर्षांपूर्वीच्या त्या भिंतीचे दगड कुठं कुठं निघून गेले होते हे मला पाठ होतं. एक तर मावशींच्या परसातच होता.

दादांनी गळ्यातला हार काढला. बोलल्या मावशी. "जावईबापू, आता पाच दिवस राहूनच जा. तुमचा पाव्हणचारच झाला न्हाई."

आमच्याकडच्या सासुरवाडीला हे वाक्य अनेक तऱ्हांनी म्हणता येतं; ही तऱ्हा हुकमाची होती. मी गावच्या पोस्टातून कचेरीत फोन केला. रजेचं कारण काय, असं साहेबांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "ताण."  मग साहेब इतक्या मायेने बोलले की त्यांच्याकडून ते पुन्हा कधी ऐकायला मिळालं नाही. "पाच दिवस पुरतील का? हवं तर आठ घ्या."

मला दोन कामं लावून दिली होती. पहिलं, सकाळी उठून त्या चार झाडांखालची माती पहारीने हातभर खणायची आणि मुठीत दाबून बघायची. ओल असेल तर लाडू वळतो, नसेल तर माती बोटांतून निसटते. दुसरं, फाटकात बसायचं आणि माझा लेख वाचून येतील त्यांना वाटेला लावायचं. ते येतच होते. एका महिला मंडळाच्या अकरा बायका प्रत्येकी एक तांब्या पाणी घेऊन आल्या. अंतरवाली सराटीहून एक गृहस्थ पंप दुरुस्त करून द्यायला आले, फुकट. मी प्रत्येकाला ताण म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगायचो. तीन दिवस न झालेली दाढी, स्वेटरला चिखल, हाताला पहारीचे फोड. ऐकून घेता घेता पंपवाल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "वडील लई कडक होते का तुमचे?"

पहिले दोन दिवस माती भुसभुशीत निसटली. दादा लांबून विचारायचे, "काय म्हणती?" आणि मी हात झटकून दाखवायचो. तिसऱ्या दिवशी मुठीत काहीतरी राहिलं. मूठ उघडली तर लाडू. मोडून पुन्हा दाबला, पुन्हा वळला. मी इकडंतिकडं पाहिलं. दादा विहिरीपाशी होते. लाडू फोडून हात झटकला असता तर त्यांना दिसलं असतं तेच, कोरडी माती. दोन दिवसांनी मी जालन्याला गेलो असतो आणि महिन्याने जे व्हायचं ते दाजींच्या पाठीमागं झालं असतं. कारकुनाला हा मार्ग चांगला सरावाचा असतो. पण मघाशी मावशींनी माझ्या फोडांना तेल लावलं होतं आणि लावताना एक शब्द बोलल्या नव्हत्या.

मी तो लाडू दोन्ही हातांत धरून, बारशाचा घेऊन जावा तसा, दादांकडं गेलो.

त्यांनी तो घेतला, चिमटीत फोडला, वास घेतला. मग खोऱ्याकडं बोट केलं. "ओल खालच्या झाडांकडं उतरायच्या आत तोडू. या चौघांच्या खालून चर काढायचा. कमरेइतका. मुळ्या तुटल्या तरी चालतील."

मी आयुष्यात फायलीखेरीज काही उपसलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही दोघांनी सूर्य माथ्यावर यायच्या आधीपासून तो कलेपर्यंत चर खणला. मी दोन हात खणायचो तेवढ्यात दादांचे बारा व्हायचे. चार झाडं एकीकडं, बाकी बाग दुसरीकडं. चराच्या वरच्या भिंतीला ओल दिसत होती, काळी, हाताला गार लागणारी. खालच्या भिंतीला दादांनी गाल लावून पाहिला. बराच वेळ लावून ठेवला. मग मला म्हणाले, "दाजी, तुमचा लावा. मला आता समदं ओलंच वाटून राह्यलंय."

मी लावला. "कोरडं आहे," मी म्हणालो, आणि या वेळी मला शब्दाचा अर्थ ठाऊक होता.

पाचव्या दिवशी मोटर चालू झाली. पहिलं पाणी हलकंच देतात, त्याला आंबवणी म्हणतात. दारं धरायचं, म्हणजे आळ्याआळ्यात पाणी वळवायचं काम दादांनी मला दिलं नाही. मी मागितलंही नाही. दुपारच्या एस्टीने परत आलो. पुरवणीच्या संपादकांनी पुढचा भाग मागितला होता. त्यांना मी वेरूळवर काहीतरी लिहून दिलं.

त्यानंतरचा महिना मी कसा काढला ते बायकोला विचारा. रस्त्यात मोसंबीच्या रसाची गाडी दिसली की मी दुसऱ्या फुटपाथला जायचो. पत्र नाही, निरोप नाही. फाल्गुन लागला तेव्हा मावशींनी गावच्या एका माणसाबरोबर निरोप पाठवला: लेकीला अन् जावयाला पाठवा. काय झालंय ते निरोप्याला विचारलं तर तो म्हणाला, मला एवढंच सांगायला सांगितलं.

एस्टीतून उतरलो तेव्हाच वास आला. गावाच्या वेशीपासून येत होता, गोड, जड, डोकं धरून ठेवणारा. बायको पुढं चालत होती आणि मी तिच्या मागं लपून. फाटकातून पाहिलं तर बाग पांढरी झालेली. फांद्यांना पान शोधावं लागत होतं. मधमाश्यांचा असा घुमारा की दादा काय बोलले ते मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"या म्हणलं, दाजी. तुमची जागा केली हे."

चराच्या वरच्या अंगाला ती चार झाडं होती. काळीभोर, तुकतुकीत, पानांनी गच्च, आणि चौघांत मिळून एक फूल नाही. त्यांच्याखाली दादांनी बाज टाकली होती, वर सतरंजी, उशाला तांब्या.

"सावली बराबर पडती का न्हाई पाहा," ते म्हणाले.

मावशी म्हणाल्या, "ही चार आता जावईबापूंच्या नावानंच सोडली."

मी बाजेवर आडवा झालो. सावली खरोखर दाट होती. मधमाश्या माझ्या तोंडावरून, न थांबता, पाचव्या झाडाकडं चालल्या होत्या.